सहा पायांचा कंट्रोल

सकाळी 8.45. गोव्यात सुर्ल्यातल्या दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर जातं. बाहेर श्रावणातली सर. टेबलावरचा 60चा बल्ब पेटतो. त्याच्या उबेला दोन दमट बोर्ड ठेवले जातात.

9.30. पहिलं काम घरच्या अँप्लिफायरचं. गिऱ्हाइकाचा खाणीवर ट्रक होता तेव्हा घेतलेला, म्हणजे 2012ला खाणी थांबल्या त्याच्या आधीचा. "बाब, चवथीपूर्वी हवा हं." झाकण उघडलं की ब्रशला तांबडी धूळ लागते. नॉब फिरवला की खरखर. दुरुस्तीवाला सहा पायांचं शिसं पंपाने ओढून आवाजाचा कंट्रोल सुटा करतो, चार कान वाकवून उघडतो. आत घोड्याच्या नालेसारखी काळी कार्बनची पट्टी. एका जागी झिजून तपकिरी झालेली. घरातले रोज तेवढाच आवाज लावत. इथे स्प्रेने भागणार नाही. नवा कंट्रोल, म्हणजे पॉट, 40, मजुरी 150.

11.15. दुसरा सेट. नॉब जरा हलला की घर दणाणतं, पुढे अर्धा फेरा फरकच नाही. कंट्रोलच्या पाठीवर 'बी100के', म्हणजे सरळ चढणारा. आधी कुणीतरी चुकीचा बसवलाय. कानाला सुरुवातीला हळू चढणारा 'ए' लागतो. वीस मिनिटांचं काम, दर तोच.

1.00. शीत-कडी. श्रावण, मासळी नाही.

3.20. एक मुलगा नवा सेट आणतो. खरखर नाही, पण आवाज वाढवायला गेलं की कमी होतो. हा नॉब गोल फिरतच राहतो. आवाज त्यातून जात नाही. नॉब नुसते ठोके देतो, कमी-जास्त आतली आयसी करते. ठोका चुकला की गणित उलटं. आतले पत्रे काळवंडलेत. दोन फवारे, दहा वळसे, 80 रुपये. स्प्रेचा डबा 300चा, महिना पुरवायचा. "रात्री बारीक लावला तरी दोन्ही स्पीकर सारखे वाजतात, ते मात्र खरं," मुलगा म्हणतो. जुन्या कंट्रोलमधल्या दोन पट्ट्या तळाला क्वचितच जुळतात. एक स्पीकर आधी बोलतो.

5.00. "गाण्यामागे सूं येतं." फोनचा आवाज अगदी खाली, अँप्लिफायर फुल्ल. दुरुस्तीवाला उलटं करतो. फोनमध्ये आवाज 6 डेसिबल उतरवला की 16 बिटांतला साधारण एक जातो. मग अँप्लिफायर उरलेलं गाणं चढवतो, सोबत सूंही. फोन वर, नॉब खाली. सूं बसतं. याचे पैसे कसे घ्यायचे? चहा येतो.

6.40. एक साउंडबार. व्हॉल्यूम मुख्य बोर्डातच. बोर्डाच्या किमतीत नवा येईल. बाई पिशवीत घालून परत नेतात. तपासणीचे काही नाहीत.

7.30. हिशेब. आले 460, पॉटचे 80 गेले. उरले 380, त्यातून दुकानभाडं आणि वीज. उद्या सुटे भाग आणायला म्हापशाला जायचं, बसचे वेगळे. चिठ्ठीवर लिहितो: ए100के सहा पायांचे, दहा नग. खाली भर घालतो: गोल फिरणारे, पाच.