३०० लोकांच्या कंपनीला ईमेलसाठी किती स्टोरेज लागतं? चला, गणित मांडूया

"तुमचं स्टोरेज भरलं आहे" ही लाल पट्टी जीमेलमध्ये दिसली की आपण काय करतो? जुन्या ऑफर्सचे मेल उडवतो, गुगल फोटोजमधले लग्नाचे व्हिडिओ डिलीट करतो आणि कसंबसं १५ जीबीच्या आत येतो. दुर्लक्ष केलं तर नवीन मेल येणंच बंद होतं. आपल्या एकट्याचं असेल तर फार तर एखादी पावती चुकते. पण भोसरीत गाड्यांचे पार्ट बनवणारी, ३०० लोकांची एखादी कंपनी समजा. तिचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे आणि त्याची डिस्क भरली. मग परचेस ऑर्डर, ड्रॉइंग, बँकेचे मेल, सगळंच दारात अडकतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि मेल सर्व्हर हलवायची कामं अधूनमधून माझ्याकडे येतात. तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती टीबीची डिस्क घ्यायची?" आणि उत्तरही बहुतेकांनी आधीच काढलेलं असतं: ३०० माणसं गुणिले १५ जीबी, म्हणजे साडेचार टीबी. झालं!

नाही झालं. कोटा म्हणजे माणूस जास्तीत जास्त किती जागा खाऊ शकतो ती मर्यादा, प्रत्यक्ष वापर नव्हे. शॉप फ्लोअरवरच्या सुपरवायझरचा मेलबॉक्स २०० एमबीचा असतो आणि डिझाइनवाल्याचा ५० जीबीचा. शिवाय या गुणाकारात काळ कुठेच नाही. डिस्क आज विकत घेतो, ती भरते तीन वर्षांनी.

म्हणून मी रोजच्या आवकेपासून सुरुवात करतो. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, खरे आकडे सर्व्हरच्या लॉगमधून महिन्याभराचे काढायचे. समजा माणशी रोज ८० मेल (आलेले आणि पाठवलेले मिळून) आणि सरासरी १०० केबीचा एक मेल. ३०० माणसांचे दिवसाला २.४ जीबी झाले. कारखाना वर्षाला ३०० दिवस चालतो, म्हणजे ७२० जीबी. दरवर्षी १५ टक्के वाढ धरली तर तीन वर्षांत साधारण २.५ टीबी. आधीपासून साठलेले १.१ टीबी त्यात मिळवा: ३.६. शोधासाठी सर्व्हर जे इंडेक्स बनवतो त्याचे १० टक्के वरून टाका, आले ४ टीबी.

आता डिस्क काठोकाठ भरायची नसते. ७५ टक्क्यांच्या वर गेली की मी नवीन डिस्कची मागणी टाकायला सांगतो, कारण कोटेशन, मंजुरी आणि डिलिव्हरी यात महिना-दीड महिना सहज जातो. त्या हिशोबाने हवेत ५.३ टीबी. रेड १० मध्ये प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहिली जाते, म्हणून ४ टीबीच्या चार डिस्क घेतल्या तर वापरायला ८ मिळतात. सर्व्हरवर आकडा ७.२ च्या आसपास दिसेल. घाबरू नका, कोणी फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे १००० ने मोजतात आणि सिस्टीम १०२४ ने.

खरा खादाड: अटॅचमेंट

ईमेल मूळचा साध्या अक्षरांसाठी बनलेला. त्यामुळे फोटो किंवा पीडीएफ पाठवताना त्याचं बेस६४ नावाच्या पद्धतीने अक्षरांत रूपांतर होतं. दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात, वर ओळी तोडायची चिन्हं. ८ एमबीची फाइल जवळपास ११ एमबी होते. एचआरने दिवाळीच्या कार्यक्रमाचे ८ एमबी फोटो सगळ्या ३०० जणांना पाठवले, तर प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये वेगळी प्रत पडून ३.३ जीबी गेले. अख्ख्या कंपनीच्या दिवसभराच्या मेलपेक्षा जास्त, एका मेलमध्ये!

एकच फाइल एकदाच साठवून बाकीच्यांना फक्त तिचा पत्ता द्यायची सोय काही सर्व्हरमध्ये असते. डव्हकॉटमध्ये ती चालू करता येते. मायक्रोसॉफ्ट एक्सचेंजमध्येही पूर्वी होती, पण २०१० च्या आवृत्तीत काढून टाकली, कारण डिस्क स्वस्त झाल्या होत्या आणि वेग जास्त महत्त्वाचा ठरला. मला विचाराल तर फोटो शेअर फोल्डरमध्ये टाकून लिंक पाठवणं सगळ्यात सोपं. पण एचआरला हे पटवणं सर्व्हर बसवण्यापेक्षा अवघड असतं हो.

"मग जुने मेल उडवून टाका ना!"

उडवतो, पण विचारून. अकाउंट्सवाल्या मॅडम लगेच म्हणतात, "सर, त्याला हात लावू नका हं, ऑडिटला लागतात." त्यांचं म्हणणं बरोबर आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशोबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचर्स ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात. सगळे मेल त्यात येत नाहीत, पण बिल मेलवरच आलं असेल तर? म्हणून दोन वर्षांपेक्षा जुने मेल वेगळ्या, स्वस्त आणि संथ डिस्कवर अर्काइव्ह म्हणून हलवायचे.

आणि हो, फोनमधून मेल डिलीट केला की जागा लगेच सुटत नाही. आयमॅपवर तो सर्व्हरच्या ट्रॅश फोल्डरमध्ये जातो आणि ट्रॅश रिकामा होईपर्यंत तिथेच जागा अडवतो.

डिस्क भरलीच तर?

पूर्ण सर्व्हर भरला तर पोस्टफिक्ससारखा सर्व्हर समोरच्याला ४५२ हा कोड देतो. अर्थ: आत्ता जागा नाही, नंतर ये. पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, बहुतेकदा पाच दिवस, आणि मग मेल परत फिरवतो. एकाच माणसाचा कोटा संपला असेल तर अनेक सर्व्हर ५५२ देतात, तो मेल थेट परत. म्हणजे डिस्क भरणं निस्तरायला थोडा तरी वेळ मिळतो, परचेसच्या साहेबांचा मेलबॉक्स भरला तर तेवढाही नाही. अशा लोकांचा कोटा मी आधीच सैल ठेवतो.

बॅकअप परत आणायला किती वेळ?

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर रेड वाचवेल, पण रॅन्समवेअर आलं तर ते दोन्ही प्रतींवर येतं. त्यामुळे बॅकअप वेगळ्या ठिकाणी हवा. आता हे गणित फार कमी जण करतात. ४ टीबी शेजारच्या मशीनवरून सेकंदाला १०० एमबीने आणले तर ११ तास. तेच दूरच्या डेटा सेंटरमधून १०० एमबीपीएसच्या लाइनवर, म्हणजे सेकंदाला १२.५ एमबीने आणले तर ८९ तास, जवळपास पावणेचार दिवस. प्रत्येक मेलची वेगळी फाइल असेल तर लाखो छोट्या फाइल्समुळे आणखी उशीर.

यावर उपाय डिस्क वाढवण्यात नाही, क्रम ठरवण्यात आहे. आधी सगळ्यांना रिकामे मेलबॉक्स देऊन नवीन मेल चालू करायचे. मग फक्त शेवटच्या महिन्याचे मेल आणायचे. तिसऱ्या वर्षी रोजचे ३.२ जीबी धरले तर २५ कामाच्या दिवसांचे ८० जीबी होतात. त्याच १०० एमबीपीएसच्या लाइनवर पावणेदोन तास. बाकीचे जुने मेल मागून चार दिवस येत राहिले तरी चालतं. फक्त बॅकअप घेतानाच तो तारखेनुसार वेगळा काढता येईल असा ठेवावा लागतो, आणि हे सर्व्हर बसवायच्या दिवशीच ठरवायचं असतं.