वाहनांच्या इंधन टाकीजवळील वेल्डिंगचे धोके

वाहनाच्या इंधन टाकीवर किंवा तिच्या आसपास वेल्डिंग, गॅस कटिंग, डाख देणे अथवा ग्राइंडिंग करताना इंधनाच्या बाष्पाने पेट घेण्याचा आणि टाकी फुटण्याचा धोका असतो. अशा कामांना सुरक्षाशास्त्रात 'उष्ण काम' असे म्हणतात. अपघाताचे कारण बहुधा टाकीतील द्रव इंधन नसून टाकी रिकामी केल्यानंतर आत उरलेले बाष्प आणि हवा यांचे मिश्रण हे असते. त्यामुळे जी टाकी पाहणाऱ्याला निरुपद्रवी वाटते, तीच अनेकदा सर्वाधिक धोकादायक ठरते.

ओतूर परिसरातील स्वरूप

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील ओतूर हे गाव कल्याणहून माळशेज घाटमार्गे अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६१ वर आहे. जुन्नर कृषी उत्पन्न बाजार समितीचे उपबाजार आवार येथे असून ते कांद्याच्या व्यवहारासाठी ओळखले जाते. पूर्वेला आळेफाटा येथे हा मार्ग पुणे–नाशिक महामार्गाला मिळतो. घाटातून येणारे मालट्रक, कांदा व टोमॅटो वाहणाऱ्या पिकअप गाड्या, ऊस हंगामात साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि दुचाकी अशा सर्व वाहनांची दुरुस्ती अशा बाजारगावांत रस्त्याकडेच्या छोट्या वर्कशॉपमध्ये होते. तुटलेला ट्रॉलीचा हुक, निखळलेला फाळका, चिरलेली चेसिस, गळका सायलेन्सर ही तेथील रोजची कामे होत. यांपैकी पुष्कळ कामांत टाकीला हात लावायचा नसतो. तरीही ती ठिणग्यांच्या पल्ल्यात असते. हंगामात माल भरलेली गाडी दारात उभी असताना टाकी उतरवून काम करण्यास लागणारा अर्धा दिवस गाडीमालकाला आणि कारागिराला दोघांनाही परवडत नाही, आणि जोखीम बहुधा याच घाईतून पत्करली जाते.

रिकामी टाकी का फुटते

द्रव पेट्रोल स्वतः जळत नाही. त्याच्या पृष्ठभागावरून निघणारे बाष्प हवेत मिसळून जळते. हे मिश्रण पेटण्यासाठी बाष्पाचे प्रमाण ठरावीक मर्यादेत असावे लागते. पेट्रोलच्या बाबतीत ही मर्यादा आकारमानाने सुमारे १.४ ते ७.६ टक्के आहे. त्याहून कमी बाष्प असल्यास मिश्रण पेट घेण्याइतके दाट नसते आणि अधिक असल्यास ज्वलनाला प्राणवायू पुरत नाही. बंद व भरलेल्या टाकीतील मोकळ्या जागेत नेहमीच्या तापमानाला बाष्प इतके दाट असते की ते सहसा वरच्या मर्यादेपलीकडे जाते. टाकी रिकामी करून झाकण उघडे ठेवले की हवा आत शिरते, बाष्प विरळ होते आणि मिश्रण नेमके धोक्याच्या पट्ट्यात येते. याचा अर्थ भरलेली टाकी सुरक्षित असते असा मात्र नाही; तिच्या तोंडाशी आणि गळतीच्या जागी बाहेरच्या हवेत असेच मिश्रण तयार होत असते.

यासाठी लागणारे इंधन आश्चर्य वाटावे इतके थोडे असते. पन्नास लिटरच्या टाकीत १.४ टक्के म्हणजे ०.७ लिटर बाष्प पुरते आणि एवढे बाष्प सुमारे चार मिलिलिटर पेट्रोलपासून तयार होते. चहाच्या एका चमच्यात याहून अधिक द्रव मावतो. टाकीच्या तळाशी, जोडांच्या पटीत, आतील आडव्या पत्र्यांच्या मागे आणि गंजाच्या थरात याच्या कितीतरी पट पेट्रोल अडकून राहते. म्हणून टाकी उलटी करून रात्रभर ठेवणे किंवा एकदा पाण्याने खळबळून काढणे पुरेसे नसते.

बंद भांड्यात असे मिश्रण पेटल्यास दाब वातावरणाच्या सात ते आठ पटींपर्यंत वाढू शकतो. अर्धा मीटर लांब आणि तितक्याच रुंद पत्र्यावर याचा एकूण जोर सतरा टनांच्या आसपास होतो. टाकीचा पातळ पत्रा व जोड त्याच्या बऱ्याच आधी फाटतात. फुटलेला पत्रा आणि जळते इंधन टाकीवर वाकून काम करणाऱ्याच्या अंगावर येते. शेजारी टाकी धरून बसलेला मदतनीसही त्यातून सुटत नाही.

पेट्रोलचे बाष्प हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ते वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि तपासणीच्या खड्ड्यात साचते. काही मीटर अंतरावरील ठिणगीनेही ते पेटून ज्योत मागे टाकीपर्यंत धावत येऊ शकते.

डिझेलविषयीचा गैरसमज

'डिझेल पेटत नाही' हे वाक्य वर्कशॉपमध्ये वारंवार ऐकू येते. त्याला अर्धा आधार आहे. ज्या किमान तापमानाला द्रवावर पेटण्याजोगे बाष्प जमते त्याला प्रज्वलनबिंदू, म्हणजेच फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा प्रज्वलनबिंदू उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपास असल्याने ते हिवाळ्यातील पहाटेही पेट घेते. भारतीय मानकानुसार वाहनांच्या डिझेलचा प्रज्वलनबिंदू ३५ अंशांपेक्षा कमी नसावा, इतकीच अट आहे. उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची टाकी एप्रिल-मे महिन्यांत हे तापमान सहज ओलांडते. शिवाय इंजिनाकडून परत येणारे डिझेल गरम असते.

त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे वेल्डिंग स्वतःच पत्रा तापवते. आतील बाजूस चिकटलेला डिझेलचा पातळ थर त्या उष्णतेने बाष्परूप होतो आणि पेट घेण्यासाठी लागणारी ठिणगी वा तप्त पत्रा तेथेच हजर असतो. काम सुरू करताना टाकीला वास नव्हता, ही गोष्ट त्यामुळे फारशी उपयोगाची नसते.

तापलेल्या जड इंधनाच्या बाष्पाचे सर्वपरिचित उदाहरण विमानवाहतुकीतील आहे. १७ जुलै १९९६ रोजी न्यू यॉर्कजवळ ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे बोइंग ७४७ विमान (उड्डाण क्रमांक ८००) कोसळून त्यातील सर्व २३० जण मृत्युमुखी पडले. तपासात मध्यवर्ती पंखातील जवळजवळ रिकाम्या टाकीत इंधनबाष्प व हवेच्या मिश्रणाचा स्फोट झाल्याचा निष्कर्ष निघाला. ते इंधन पेट्रोल नव्हते, तर रॉकेलच्या जातीचे होते. खालच्या वातानुकूलन यंत्रणेच्या उष्णतेने टाकी तापली होती.

ठिणग्या आणि भटका विद्युतप्रवाह

वेल्डिंगच्या विद्युत्प्रस्फुरणाचे तापमान काही हजार अंश सेल्सियस असते, तर ऑक्सि-ॲसिटिलीन ज्योतीचे सुमारे ३,१०० अंश. पेट्रोलचे बाष्प मात्र तीनशे अंशांच्या आतच ठिणगीविना पेटू शकते. अमेरिकेतील अग्निसुरक्षा मानकात उष्ण कामाभोवती सुमारे ११ मीटरपर्यंत ज्वालाग्राही वस्तू असू नयेत असे म्हटले आहे, कारण ठिणग्या व वितळलेले कण तेवढे दूर जाऊ शकतात. भारतात वेल्डिंग व कटिंगमधील अग्निदक्षतेसाठी आयएस ३०१६ हे मानक आहे.

कमी लक्षात घेतला जाणारा धोका अर्थच्या चिमट्याचा आहे. तो कामाच्या जागेपासून दूर, चेसिसच्या दुसऱ्या टोकाला लावला तर प्रवाह परतीसाठी सोयीचा मार्ग शोधतो: बेअरिंग, पाटे, ब्रेकची वा इंधनाची धातूची नळी. जेथे संपर्क ढिला तेथे ठिणगी पडते, आणि ती जागा वेल्डरच्या नजरेआड असते. चिमटा कामाच्या शक्य तितक्या जवळ, खरवडून स्वच्छ केलेल्या धातूवर लावणे आणि बॅटरीची जोडणी आधी सोडवणे हा यावरील उपाय आहे. आधुनिक गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रकही त्यामुळे वाचतात.

पेटवून पाहण्याची प्रथा

टाकीत बाष्प उरले आहे का, हे पाहण्यासाठी तिच्या तोंडाशी ज्योत धरण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी आढळते. ५ जून २००६ रोजी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील रॅले येथील तेलक्षेत्रात एका कंत्राटी वेल्डरने टाकी बाष्पमुक्त असल्याची खात्री करण्यासाठी पेटता टॉर्च आत घातला. त्यावेळी काही झाले नाही; पण वेल्डिंग सुरू करताच शेजारच्या टाकीच्या उघड्या नळीतून बाहेर पडणारे बाष्प पेटले. त्यानंतर जोडलेल्या शेजारच्या टाक्यांत स्फोट होऊन तिघे ठार झाले. तेथील रासायनिक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, टाक्यांवरील व त्यांच्या आसपासच्या उष्ण कामांमुळे १९९० पासून साठहून अधिक कामगारांचा मृत्यू झाला होता. ज्योतीने एकदा काही झाले नाही याचा अर्थ मिश्रण त्या क्षणी फार दाट किंवा फार विरळ होते, एवढाच असतो.

इंजिनाचा धूर टाकीत सोडून ती 'निष्क्रिय' करण्याचा प्रयोगही असाच फसवा आहे. मंद गतीने चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या धुरात प्राणवायू बराच शिल्लक असतो, तर ज्वलन थांबण्यासाठी तो साधारण ११ ते १२ टक्क्यांखाली आणावा लागतो.

टाकी दुरुस्तीची सुरक्षित रीत

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे टाकीवर उष्ण काम न करणे. अनेक नव्या वाहनांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असल्याने तेथे वेल्डिंगचा प्रश्नच येत नाही. जुन्या दुचाकीची किंवा ट्रॅक्टरची पत्र्याची टाकी बदलणे अनेकदा दुरुस्तीइतकेच परवडते. गळती तात्पुरती थांबवण्यासाठी साबण किंवा लांबी लावण्याचा रूढ उपाय घरापर्यंत पोहोचण्यापुरता ठीक असतो.

वेल्डिंग अटळ असल्यास टाकी वाहनापासून वेगळी करतात, इंधन मोकळ्या जागेत झाकणाच्या डब्यात काढतात आणि टाकी गरम पाणी व धुण्याच्या द्रावणाने पुन्हा पुन्हा किंवा वाफेने धुतात. त्यानंतर वायुमापकाने आतील बाष्प तपासणे ही योग्य रीत आहे; नाकाने घेतलेला वास हा त्याला पर्याय नाही. पुढे टाकी जोडायच्या जागेच्या थोडे खालपर्यंत पाण्याने भरून, ती जागा वर येईल अशी ठेवतात, म्हणजे बाष्पाला जागा कमी उरते. तोंड व सर्व छिद्रे उघडी ठेवावी लागतात. पाण्याऐवजी नायट्रोजन, आर्गन किंवा कार्बन डायऑक्साइडही वापरतात. सीओटू वेल्डिंगचे सिलिंडर असलेल्या वर्कशॉपमध्ये हे साधन हाताशी असते, परंतु ते या कामी क्वचितच वापरले जाते.

काम टाकीवर नसून केवळ जवळ असेल तरीही टाकी उतरवणे श्रेयस्कर. ते शक्य नसल्यास गळती नसल्याची खात्री, अग्निरोधक चादरीचा आडोसा, शेजारी कोरड्या पावडरचे अग्निशामक व वाळूच्या बादल्या आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास पहारा आवश्यक असतो. जळत्या पेट्रोलवर पाणी ओतल्यास ते पाण्यावर तरंगत पसरते. भाजलेल्या भागावर सुमारे वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडतात. टूथपेस्ट वा शाई लावत नाहीत. ग्रामपंचायतीच्या गावांत स्वतःचे अग्निशमन दल सहसा नसल्याने पहिली काही मिनिटे वर्कशॉपमधील साधनांवरच भिस्त असते.

सीएनजी सिलिंडर आणि टायर

सीएनजीवर चालणाऱ्या पिकअप व रिक्षांमुळे धोक्याचे स्वरूप बदलले आहे. या सिलिंडरमध्ये वायू सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने उघड्यावर तो वर निघून जातो; पत्र्याच्या बंद शेडमध्ये मात्र छताखाली साचतो. सिलिंडरवर वा त्याच्या पट्ट्यांवर वेल्डिंग करणे किंवा त्याला उष्णता देणे पूर्णतः वर्ज्य आहे. त्याची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते.

टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग केल्यास आतील रबर तापून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात आणि टायर प्रचंड दाबाने फुटू शकतो, कधी काम संपल्यानंतर काही वेळानेही. केवळ हवा सोडल्याने हा धोका टळत नाही; टायर रिमवरून उतरवावाच लागतो.

कायदेशीर तरतुदी

पेट्रोलियम अधिनियम १९३४ व त्याखालील पेट्रोलियम नियम २००२ यांनुसार प्रज्वलनबिंदू २३ अंशांपेक्षा कमी असलेली इंधने 'अ' वर्गात व २३ ते ६५ अंशांमधील 'ब' वर्गात मोडतात. पेट्रोल पहिल्या आणि डिझेल दुसऱ्या वर्गात येते. या नियमांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना (पेसो) पाहते. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३७ मध्ये, स्फोटक किंवा ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या अथवा पूर्वी असलेल्या टाकीवर तो पदार्थ व त्याचे बाष्प काढून टाकल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय वेल्डिंग, डाख वा कटिंग करण्यास मनाई होती. धातू पुरेसा थंड होईपर्यंत टाकीत पुन्हा इंधन भरू नये, असेही त्यात स्पष्ट केले होते. 'पूर्वी असलेल्या' या शब्दांमुळे रिकामी टाकीही तरतुदीच्या कक्षेत आली. कारखान्याची कायदेशीर व्याख्या कामगारसंख्येवर अवलंबून असल्याने दोन-तीन माणसांचे रस्त्याकडेचे वर्कशॉप मात्र तिच्या बाहेर राहते.