ट्रॅक्टरवर रेडिओ बसवताय? आधी फ्यूज पाहा



दिवाळीच्या सुमारास आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कापसाच्या ट्रॉल्या मलकापूर-खामगावच्या बाजाराकडे निघतात. पुष्कळ ट्रॅक्टरांवर रेडिओ किंवा टेप वाजत असतो. करमणूक हवीच, परंतु मागे कापूस आणि पुढे उघडी वायर, हा मेळ बरा नव्हे.

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची. तिचा झटका बसत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण वायर पत्र्याला घासून तिचे आवरण गेले, की तीच बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर वीज सोडते. वायर लाल होते आणि पेट घेते.

यावर उपाय फ्यूज. तो रेडिओजवळ नव्हे, बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात बसवावा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कोणी वाली नसतो. म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. गाडीत बोलण्याचा वायरलेस संच बसवतानाही हाच नियम पाळतात. (असा संच घेण्यापूर्वी त्याला सरकारी परवाना लागतो का, याची चौकशी करावी.)

फ्यूज किती अँपिअरचा? वॅटला व्होल्टने भागा. ६० वॅटचा टेप असेल तर ६० भागिले १२, म्हणजे ५ अँपिअर. त्याला साडेसातचा फ्यूज व दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. फ्यूज उडाला तर त्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी कदापि घालू नये. फ्यूज का उडाला, ते आधी शोधावे.

हल्लीच्या ट्रॅक्टरांत ऋण टोक बॉडीला जोडलेले असते. म्हणून काम सुरू करताना ते आधी सोडवावे आणि शेवटी जोडावे. म्हणजे पाना पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही. वायर पत्र्याच्या भोकातून नेताना रबर बसवावे. सायलेन्सरपासून ती दूर ठेवावी.

रात्री संच बंद करायला विसरू नका. २ अँपिअर घेणारा टेप १२ तास चालला, तर ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतील २४ खर्ची पडतात. बॅटरी जुनी असेल तर सकाळी सेल्फ लागत नाही.

भगिनींनो, ट्रॉली भरण्यापूर्वी तुम्हीही घरात एवढे विचारा: "फ्यूज कुठे बसवला आहे?" उत्तर मिळाले नाही, तर गाडी आधी वायरमनकडे न्यायला सांगा.