जुन्या भिंतीला लोणा का लागतो?

भंडारा जिल्ह्यातील पवनी हे वैनगंगेच्या काठचे फार जुने गाव. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष हाती लागले. पण पवनी म्हणजे ओसाड अवशेष नव्हेत. तेथे आजही माणसे नांदतात, घरे बांधतात, रस्ते करतात. अशा वाढत्या गावात जुनी वास्तू टिकवायची कशी? ती पाडली नाही म्हणजे वाचली, असे पुष्कळांना वाटते. पदार्थविज्ञान मात्र निराळेच सांगते.

विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या जुन्या भिंतीच्या पायथ्याशी नीट पाहा. हात-दोन हात उंचीपर्यंत ओल, पांढरी पूड आणि भुसभुशीत झालेली वीट दिसेल. हाच लोणा. विटेत आणि चुन्यात अतिसूक्ष्म छिद्रे असतात. पृष्ठताणामुळे त्यांतून जमिनीतले पाणी वर चढते. याला केशाकर्षण म्हणतात. छिद्र जितके बारीक, तितकी उंची अधिक. ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या काचनळीत पाणी सुमारे दीड मीटर चढू शकते! मग सारी भिंत का भिजत नाही? कारण चढणाऱ्या पाण्याची वाटेत वाफ होत असते. चढणे आणि उडून जाणे यांचा मेळ बसला की ओल तेथेच थांबते. पाणी जाते, पण त्यातले क्षार मागे राहतात. छिद्रांत त्यांचे स्फटिक वाढतात आणि त्यांच्या दाबाने वीट आतून फुटते.

आता गाव दाटू लागले की काय होते पाहा. डांबराच्या थरावर थर चढून रस्ता उंच होतो, जोते खाली जाते आणि पावसाचे पाणी भिंतीशी साचते. अंगणात फरशी येते, त्यामुळे जमिनीतली ओल भिंतीवाटेच बाहेर पडू पाहते. शेजारच्या उंच इमारतीने ऊन-वारा अडतो. शेवटी मालक चांगल्या हेतूने सिमेंटचा गिलावा करतो, आणि उरलीसुरली वाटही बंद!

याचा प्रयोग सोपा आहे. टीपकागदाच्या अर्धा मीटर लांबीच्या दोन पट्ट्या घ्या. दोन्हींची टोके रंगीत पाण्यात बुडवून त्या उभ्या टांगा. एकीभोवती प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा. रात्रभर ठेवून उंची मोजा. झाकलेल्या पट्टीत पाणी अधिक वर गेलेले आढळेल. सिमेंटने लिंपलेल्या भिंतीत असेच घडते.

म्हणून जाणकार दुरुस्तीसाठी चुनाच वापरतात. कळीचा चुना विरवून त्यात वाळू, सुरखी घालून मळतात. हा गिलावा सच्छिद्र असतो. क्षारांनी तो झिजतो खरा, पण वीट वाचते. गिलावा पुन्हा करता येतो, दोनशे वर्षांची वीट आणायची कोठून?

कायदेही आहेत. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. मुंबईने १९९५ साली वारसा इमारतींसाठी वेगळे नियम केले. ज्या मालकाला आपल्या जागेवर उंच बांधता येत नाही, त्याला तो हक्क अन्यत्र वापरण्याची सोय त्यांत आहे. ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. परंतु मीटरचा हिशेब पाण्याला कळत नाही. रस्त्याची पातळी, गटाराचा उतार आणि जोत्याची उंची यांचा विचार पुनर्विकासाच्या नकाशातच व्हायला हवा.

तुमच्या गावातील एखादी जुनी भिंत निवडा. तिच्यावर खूण न करता ओलीची उंची पट्टीने मोजा. एकदा मे महिन्यात, एकदा सप्टेंबरात. शेजारचा रस्ता जोत्यापेक्षा किती वर आहे, तेही वहीत लिहून ठेवा.