पोटावर उतरलेलं विमान!

दोस्ता, इंदूरच्या लालबागेत खेळताना डोक्यावरून विमान गेलं, की त्याचं पोट नीट बघ हं! चाकं दिसतात का? उंचावर असेल, तर नाहीच दिसणार!

गेली कुठे? विमानाने घेतली पोटात! बाहेर लोंबणारी चाकं वारा अडवतात. मग इंधन उगाच जास्त जळतं. म्हणून जमीन सुटली रे सुटली, की चाकं आत!

पण समज, एखादं चाक निखळूनच पडलं तर?

अरे, खरंच पडलं होतं! ६ मे २०२१ ची गोष्ट. नागपूरहून एक छोटंसं विमान निघालं. साधंसुधं नाही, आजाऱ्यांना नेणारं, म्हणजे एअर अँब्युलन्स! आत पाच जण, त्यातला एक रुग्ण. विमान गेलं वर आणि एक चाक राहिलं खाली!

आता उतरायचं कसं? विमान मुंबईकडे वळलं. तिथे अग्निशमन दलाने धावपट्टीवर पांढऱ्या फेसाचा थर पसरला. धातू जमिनीवर घासला, की ठिणग्या उडतात ना! आग लागू नये, म्हणून हा फेस.

आणि उरलेली चाकं? ओळख पाहू, त्यांचं काय केलं?

ती वापरलीच नाहीत! विश्वास बसतो का? धड चाकं असून वापरायची नाहीत!

त्याचं असं आहे. या विमानाला पाय तीन. एक नाकाखाली, दोन पंखांखाली. आता तीन पायांच्या स्टुलाचा एक पाय काढ आणि बस त्यावर. धप्प! पण फरशीवर मांडी घालून बसलं, तर कुणी कलंडतं का? विमानाचंही तसंच. एका बाजूला कललं, तर पंख जमिनीला लागेल आणि विमान गर्रकन फिरेल. त्यापेक्षा सरळ पोटावर बसलेलं बरं! मला तर ही युक्ती फार म्हणजे फारच आवडते.

रात्री नऊच्या सुमारास कॅप्टन केसरी सिंह यांनी विमान पोटावर टेकवलं. खर्रर्र... आणि थांबलं! पाचही जण सुखरूप!

कधी चाक पडत नाही, नुसतं आत अडकतं. त्यावरही तोड आहे! बऱ्याच मोठ्या विमानांत एक खास सोय असते. ती वापरली, की चाकांची कडी सुटते. मग चाकं आपल्याच वजनाने खाली येतात. खटाक! वैमानिकासमोर हिरवे दिवे लागले, की समजायचं, चाकं पक्की बसली.

११ ऑक्टोबर २०२४ ला तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेलं विमान असंच बिघडलं. चाकं हलवणाऱ्या यंत्रणेतच गडबड! पण टाकी इंधनाने भरलेली, विमान जड. तसंच उतरवणं धोक्याचं! मग काय केलं असेल? दोन तासांहून जास्त वेळ आकाशात नुसत्या घिरट्या घातल्या! इंधन जळालं, विमान हलकं झालं. आणि गंमत म्हणजे चाकंही नीट बाहेर आली! १४१ प्रवासी घेऊन विमान नेहमीसारखं उतरलं.