घोटा चुरला, तरी ऑपरेशन लगेच का नाही?
उंचावरून पडल्यावर किंवा गाडीच्या अपघातात कधी कधी नडगीच्या हाडाचं खालचं टोक घोट्याच्या सांध्यातच फुटतं. हे पायलॉन फ्रॅक्चर. नातेवाइकांची घाई समजण्यासारखी आहे. पण इथे हाडाइतकंच कातडीला जपावं लागतं. तिच्याखाली मांसाचा थर जेमतेम असतो. सुजेवरच छेद दिला तर जखम चिघळते, जंतू हाडापर्यंत पोचतात. म्हणून आधी बाहेरून सळ्यांची चौकट लावून पाय ताणून स्थिर करतात, मग सीटी स्कॅन. साधारण १० ते १४ दिवसांनी सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसल्या, की सांध्याचे तुकडे जुळवून प्लेट-स्क्रू बसवतात. पुढे सुमारे ३ महिने त्या पायावर भार नाही. विडी-तंबाखू मात्र पहिल्या दिवसापासून बंदच हवी. तिने हाड जुळायला उशीर होतो.