राजधानीचा केरकचरा आणि आपले कर्तव्य

मनुष्य जेथे वस्ती करतो, तेथे केरकचरा व्हायचाच. विस्तीर्ण भूमी लाभलेल्या देशांना तो दूर नेऊन टाकण्याची सोय असते. बेटावर राहणाऱ्यांना मात्र ‘दूर’ असे काही उरतच नाही. आपल्या मॉरिशस बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. एवढ्याशा भूमीवर अलीकडच्या काळात वर्षाला पाच लाख टनांहून अधिक कचरा जमा होतो. तो जातो कोठे, हा प्रश्न प्रत्येक सुज्ञ नागरिकाने स्वतःस विचारावयास हवा.

राजधानी पोर्ट लुईचेच उदाहरण घेऊ. नगरपालिकेच्या गाड्या घरोघरचा आणि बाजारातला कचरा उचलतात. तो रोश ब्वा येथील केंद्रावर दाबून मोठ्या वाहनांत भरला जातो आणि तेथून बेटाच्या दक्षिण भागातील मार शिकोझ येथे नेऊन पुरला जातो. १९९७ साली सुरू झालेली ती जागा साऱ्या बेटाचा भार वाहत आली आहे. आडवे पसरण्यास जागा उरली नाही, म्हणून कचऱ्याची उंची वाढविण्याचा मार्ग पत्करावा लागला. तेथील दुर्गंधीमुळे आसपासच्या कुटुंबांना आपली घरे सोडून अन्यत्र जावे लागले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तर त्या ढिगाऱ्यास मोठी आग लागली. शहरवासीयांचे अंगण स्वच्छ दिसते खरे. परंतु त्याची किंमत दुसऱ्याच गावाने मोजलेली असते.

कचरा उचलला न गेल्यास काय होते, हेही राजधानीने अनुभवले आहे. एका बाजूस समुद्र आणि पाठीशी डोंगर, अशी या शहराची रचना. ३० मार्च २०१३ रोजी अल्पकाळात मुसळधार पाऊस कोसळला. डोंगरावरचे पाणी लोंढ्यासारखे खाली आले आणि ११ जणांना प्राणास मुकावे लागले. त्यांतील काही जण बंदरानजीकच्या भुयारी वाटेत सापडले होते. अशा आपत्तीस अतिवृष्टी, दाट बांधकामे अशी अनेक कारणे असतात; परंतु तुंबलेले गटार पाण्याची वाट अडविते, हे सांगण्यास शास्त्रज्ञ लागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळाच्या वेळी याच शहराच्या रस्त्यांवरून मोटारी पुन्हा वाहून गेल्या.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ जानेवारी २०१६ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तीत काही पिशव्यांना सूट होती आणि त्या सुटीचा गैरफायदाही घेतला गेला. म्हणून पुढे नियम अधिक कडक करण्यात आले. १५ जानेवारी २०२१ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे व नळ्या यांनाही मनाई झाली. मार शिकोझ येथे कचऱ्यातून निघणाऱ्या वायूपासून वीजही निर्माण केली जाऊ लागली. कचऱ्यातील उपयुक्त वस्तू परत मिळविण्याविषयीचा कायदा २०२३ साली संमत झाला. तथापि कायदा दारापर्यंत येतो. उंबरठ्याच्या आत घरधनिणीचे आणि घरधन्याचेच राज्य असते.

येथे आपल्या वाडवडिलांची आठवण होणे स्वाभाविक आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर याच बंदरात उतरले. पुढे मुंबईहून आलेले आपले पूर्वजही येथेच उतरले. त्यांच्या घरी फेकण्याजोगे असे होतेच काय? उसाचे वाढे गुरांना, शेण बागेला, जुने लुगडे गोधडीला. बाजाराला जाताना हाती वाकोआच्या पानांची विणलेली तांत असे. ते दारिद्र्य परत यावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या दारिद्र्यात जो विवेक होता, तो संपन्नतेत गमावण्याचे कारण नाही.

आता आपल्या गणेशोत्सवाकडे वळू. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस आपण ज्या मूर्तीची पूजा करतो, तिला ‘पार्थिव’ गणेश म्हणतात. पार्थिव म्हणजे पृथ्वीपासून झालेला, मातीचा. मातीतून यावे आणि मातीतच मिळून जावे, हा विसर्जनाचा अर्थ. प्लास्टरची मूर्ती पाण्यात सहजी विरघळत नाही. थर्मोकोलची मखर आणि प्लास्टिकची फुले तर वर्षानुवर्षे तशीच राहतात. तेव्हा मातीची मूर्ती घेण्याचा आग्रह म्हणजे धर्मात ढवळाढवळ नव्हे. तो धर्माचाच मूळ आग्रह होय. नदीत व समुद्रात निर्माल्य टाकण्याऐवजी ते परसातील खड्ड्यात घातले, तर देवाचे फूल पुढल्या वर्षीच्या फुलझाडास उपयोगी पडेल.

एक गोष्ट तर आजपासूनच करता येईल. आपल्या देशातील घरगुती कचऱ्याचा मोठा हिस्सा भाजीची देठे, फळांच्या साली, पालापाचोळा असा कुजणारा असतो. तो वेगळा ठेवून त्याचे खत केल्यास मार शिकोझचा भार खचितच हलका होईल. आमच्या मंडळांनी उत्सवातील महाप्रसादासाठी धुऊन वापरावयाची भांडी अथवा केळीची पाने ठेवावीत, प्रत्येक मंडपात दोन निराळे डबे असावेत आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तरुणांनी किनाऱ्यावर जाऊन तो स्वच्छ करावा. मुले शाळेत जे ऐकतात त्यापेक्षा वडीलधाऱ्यांच्या हातून जे होताना पाहतात, तेच शिकतात. तेव्हा यंदाच्या उत्सवात हा पाठ वडीलधाऱ्यांनीच सुरू करावा, ही नम्र विनंती.